बालरक्षकाचे प्रयोजन

धर्म म्हटला की त्याच्या मागोमाग विधिनिषेध आलेच. अमुक करावे, अमुक करू नये, अमुक खावे, अमुकाला शिवू नये, अमुक दिवशी काम बंद ठेवावे, अशा आज्ञांची मालिका जिच्यात मुळीच नाही अशी धर्मसंस्था जगाच्या पाठीवर शोधून सापडणे कठीण. आणि जेथे जेथे ही मालिका आहे तेथे तेथे केव्हा ना केव्हा एखादा विचारी मनुष्य असा प्रश्न केल्यावाचून राहत नाही की, हे सर्व कशासाठी? नियम पाळणे हेच धर्माचे अखेरचे साध्य, की नियमाच्या पलीकडे काही आहे व नियम ही तेथवर पोचविणारी वाट आहे? या प्रश्नाला आजवर जी उत्तरे मिळाली त्यांपैकी एकाने जगाच्या इतिहासाला वळण लावले, आणि त्याच उत्तराच्या विपरीत अर्थाने त्या इतिहासात अनर्थही पुष्कळ घडविला. ते उत्तर पौलाने इ. स. ५० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या गलतिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. मोशेचे नियमशास्त्र हे ख्रिस्ताच्या आगमनापर्यंत आमच्यावर नेमलेले 'पैदागोगोस' होते, असे त्याचे थोडक्यात तात्पर्य.

या ग्रीक शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतल्यावाचून पौलाचे म्हणणे उमगणार नाही. १६११ साली सिद्ध झालेल्या प्रख्यात इंग्रजी बायबलात या ठिकाणी 'शाळामास्तर' या अर्थाचा शब्द घातला आहे, व त्यामुळे इंग्रजी वाचकांच्या पिढ्यानुपिढ्या अशी समजूत होऊन बसली की, नियमशास्त्राने धर्माचे प्राथमिक धडे द्यावयाचे व ख्रिस्ताने वरच्या वर्गाचे. मराठी बायबलातील 'बालरक्षक' हा शब्द मुळाला अधिक धरून आहे, आणि येथे आम्ही तोच वापरणार आहो.

पैदागोगोस हा शिक्षक नसे. ग्रीक व रोमन सुखवस्तू घराण्यांत मुलगा जरा कळता झाला म्हणजे त्याच्यामागे एक गुलाम नेमून देत. मुलाला घरून शाळेत न्यावयाचे, शाळेतून व तालमीतून सुखरूप परत आणावयाचे, वाटेत भलत्यासलत्यांची संगत लागू द्यावयाची नाही, उठावे कसे, बसावे कसे, वडील माणसांसमोर वागावे कसे, याचे वळण लावावयाचे, हे त्याचे काम. विद्या शिकविणारा निराळा. ग्रीकांच्या मातीच्या भांड्यांवरील चित्रांतून हा इसम हातात काठी घेतलेला दिसतो. घरातील अन्य कामांस निरुपयोगी झालेला गुलामही पुष्कळदा या कामी लागे. प्लेटोच्या नावाने चालत आलेल्या 'आल्किबियाडीस' नामक संवादात सॉक्रेटीस त्या गर्विष्ठ तरुणाला आठवण करून देतो की, पेरिक्लीससारख्या पालकानेदेखील तुझ्यासाठी जो रक्षक नेमला तो म्हातारपणामुळे अगदी निकामी झालेला एक थ्रेसदेशीय गुलाम होता. 'लायसिस' या दुसऱ्या संवादात मैत्रीच्या स्वरूपाची चर्चा रंगात आलेली असता मुलांचे रक्षक येऊन उभे राहतात, परकी ढब असलेल्या ग्रीक भाषेत 'घरी चला' म्हणून आरडाओरड करतात, आणि खुद्द सॉक्रेटीसालाही आपला वाद तसाच अर्धवट सोडून द्यावा लागतो.

हे नाते मोठे चमत्कारिक आहे. मुलगा घराचा वारस आणि रक्षक त्याच घरचा गुलाम. तथापि विशिष्ट वयापर्यंत वारसाने गुलामाच्या धाकात राहावयाचे. रक्षकाचा अधिकार खरा, परंतु तो त्याचा स्वतःचा नसून बापाने सोपविलेला. त्याचे काम महत्त्वाचे, परंतु ते शिकविण्याचे नसून शिकविणाऱ्यापर्यंत नेण्याचे. आणि त्याची नेमणूक मुदतीची. मुलगा वयात आला, की रक्षकाची सत्ता त्याने काही अपराध केला नसतानाही आपोआप संपली. पौलाच्या दृष्टांताचे सर्व मर्म या तीन गोष्टींत आहे.

हा दृष्टांत योजण्याचा प्रसंग असा होता. गलतियातील मंडळ्यांतील पुष्कळ लोक जन्माने यहुदी नव्हते. पौलाच्या उपदेशाने त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्याच्या पाठीमागे दुसरे काही उपदेशक तेथे आले व सांगू लागले की, केवळ विश्वास पुरेसा नाही. देवाने अब्राहामाशी केलेल्या करारात यावयाचे तर सुंता करून घेतली पाहिजे व मोशेचा नियम पाळला पाहिजे. हे म्हणणे आज आपणांस वाटते तितके क्षुल्लक नव्हते. यहुदी लोकांनी परचक्रे सोसली, देशोधडीला लागले, परंतु नियम सोडला नाही. आणि नियमाने त्यांस एक राष्ट्र म्हणून टिकवून धरले. पुढे तालमुदात या आज्ञांची संख्या ६१३ अशी दिलेली आढळते. त्यांत २४८ विधिरूप व ३६५ निषेधरूप. इतक्या प्राचीन व इतक्या तपःपूत शास्त्राला बगल देऊन देवाच्या घरात शिरता येते, हे विधान कोणाही निष्ठावंत यहुद्याला धक्का देणारेच होते. आणि पौल स्वतः निष्ठावंत यहुदी होता. तार्स येथे जन्मलेला, परूशी पंथाचा, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाप्रमाणे यरुशलेमेत गमलिएलासारख्या आचार्यापाशी शिकलेला तो मनुष्य होता.

त्याने दिलेले उत्तर असे: अब्राहामाला मिळालेले वचन आधीचे, नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनी आलेले. मागाहून आलेली गोष्ट आधीचे वचन रद्द करू शकत नाही. मग नियम आला कशाला? तो मध्यंतरीच्या काळासाठी आला. वारस अज्ञान असेतोवर त्याला कोणाच्या तरी निगराणीखाली ठेवणे जरूर होते, म्हणून आला.

हा मध्यंतरीचा उपयोग कोणता, याविषयी ख्रिस्ती पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यातून मुख्यतः दोन गोष्टी निघतात. पहिली गोष्ट आवर घालण्याची. चोरी करू नको म्हटल्याने मनुष्य साधू होत नाही, परंतु शेजाऱ्याचे घर सुरक्षित राहते, आणि चोरी न करण्याची सवय अंगी मुरते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. तीत नियम हा कुंपणाऐवजी आरसा होतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने याचे उदाहरण म्हणून दहा आज्ञांपैकी नेमकी लोभाविषयीची आज्ञा घेतली आहे, आणि ही निवड फार विचार करण्याजोगी आहे. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, या आज्ञा कृतीविषयीच्या आहेत. त्या मोडल्या तर साक्षीदार मिळतो, न्यायाधीश निवाडा करतो, शिक्षा देता येते. परंतु शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, बैलाचा लोभ धरू नको, या आज्ञेला साक्षीदार कोठून आणावयाचा? लोभ मनात उत्पन्न झाला व मनातच राहिला तर कोणते न्यायासन त्याची दखल घेणार?

आमच्या मते येथेच नियमशास्त्राच्या प्रयोजनाची गुरुकिल्ली आहे. मनुष्याच्या अंतःकरणाकडून एक विशिष्ट भाव मागणारी, परंतु तो भाव उत्पन्न करण्याचे किंवा तपासण्याचे कोणतेच साधन नियमापाशी नाही अशी ही आज्ञा नियमशास्त्राच्या अगदी गाभ्यात बसलेली आहे. म्हणजे नियमाच्या पलीकडे काही पाहिजे, ही गोष्ट नियमाच्या शत्रूंनी बाहेरून येऊन सांगितलेली नाही. नियमाने ती स्वतःच सांगितली आहे. यिर्मया संदेष्ट्याने पौलाच्या कितीतरी शतके अगोदर अशा एका नव्या कराराची आशा प्रकट केली होती की, ज्यात नियम दगडी पाट्यांऐवजी मनुष्यांच्या हृदयावर लिहिला जाईल. बालरक्षक मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो आणि आत बोट दाखवितो. आत जे शिकावयाचे ते त्याला स्वतःला शिकविता येत नाही, परंतु ते आत आहे एवढे त्याला ठाऊक असते. नियम विश्वासाची पूर्वतयारी करतो ती या अर्थाने.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने या विचाराला अत्यंत तीव्र रूप दिले. १५०५ साली तो मठात शिरला व व्रते, उपवास, पापनिवेदन यांत त्याने कसूर म्हणून केली नाही. परंतु जितके अधिक पाळावे तितके अधिक अपुरे वाटे. स्वतःच्या या यातनांच्या प्रकाशात त्याने गलतीकरांस लिहिलेले पत्र वाचले, आणि नियमाचे मुख्य कार्य मनुष्याचा अभिमान चिरडून त्याला निरुपाय करून ईश्वरी कृपेच्या पायाशी आणून टाकणे हे आहे, असा सिद्धांत मांडला. त्याचे त्या पत्रावरील १५३५ सालचे विस्तृत भाष्य प्रसिद्धच आहे. ज्याने कोणताही नियम अंतःकरणपूर्वक पाळण्याचा यत्न केला आहे त्याला लूथरच्या अनुभवात काही खरे आहे हे सांगावे लागणार नाही. आज रागावणार नाही असा निश्चय करून पाहावा. आपण किती रागीट आहो याची खरी कल्पना त्याच दिवशी येते.

परंतु येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो, व तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नियमाने मनुष्य निराश व्हावयाचा व निराशेतून विश्वासाकडे वळावयाचा, हा क्रम पौलाचा तरी होता काय? स्वीडिश पंडित क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे दाखविले की, लूथरची व्याकूळ सदसद्विवेकबुद्धी पौलाच्या ठिकाणी कल्पिणे हा मागाहूनचा आरोप आहे. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल आपल्या पूर्वायुष्याविषयी म्हणतो की, नियमशास्त्राच्या दृष्टीने आपण निर्दोष होतो. हे निराश झालेल्या मनुष्याचे उद्गार नव्हेत. पुढे १९७७ साली ई. पी. सँडर्स यांनी पौलकालीन यहुदी धर्मावर मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, नियम पाळून देवाची कृपा विकत घ्यावयाची अशी यहुद्यांची भावना नव्हतीच. देवाने आधी आपणांस निवडले, आणि त्या निवडीला साजेसे वागावे म्हणून आपण नियम पाळतो, अशी त्यांची धारणा होती. आणि चूक झालीच तर पश्चात्तापाचा व प्रायश्चित्ताचा मार्ग त्याच नियमात सांगितलेला होता. यहुद्यांचा 'सिमहात तोरा' नावाचा एक सणच आहे. त्या दिवशी नियमग्रंथाच्या वार्षिक वाचनाची समाप्ती होऊन लगेच पुन्हा आरंभ होतो, व लोक त्या गुंडाळ्या हातांत घेऊन नाचतात. जे ओझे पाठीवर असह्य झाले आहे ते छातीशी धरून कोणी नाचत नाही.

मग पौलाचा दृष्टांत खोटा म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो खरा आहे. परंतु तो कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा खरेपणा अवलंबून आहे. ही गोष्ट पत्राच्या शब्दरचनेतच दिसते. बालरक्षकाविषयी बोलताना पौल 'आम्ही' असे म्हणतो: आम्ही त्याच्या ताब्यात होतो, तो आमचा रक्षक होता. लगेच पुढे गलतीकरांस उद्देशून बोलताना तो 'तुम्ही' या शब्दावर येतो: तुम्ही सर्व विश्वासाने देवाचे पुत्र आहा. ज्याच्या धाकात तो स्वतः वाढला त्या रक्षकाविषयी तो बोलत आहे. आपल्या बाळपणाचा अर्थ काय होता, हे प्रौढ झालेल्या मनुष्याने मागे वळून सांगावे, तसा हा प्रकार आहे. आणि असे सांगण्याचा अधिकार ज्याचे ते बाळपण त्याचा असतो.

रोमच्या इतिहासातील दोन बादशहांची उदाहरणे येथे उपयोगी पडतील. ऑगस्टस बादशहाचा बालरक्षक स्फेरस नावाचा गुलाम होता. पुढे त्याला दास्यातून मुक्त करण्यात आले, व तो वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा सार्वजनिक इतमामाने निघाली, असे डायो कॅसियस सांगतो. उलट क्लॉडियस बादशहाने आपल्या एका लेखात तक्रार केली होती की, आपल्यावर नेमलेला रक्षक हा पूर्वी ओझ्याच्या जनावरांवर देखरेख करणारा एक रानटी इसम होता व आपला छळ करण्यासाठीच तो मुद्दाम नेमला गेला होता. ही हकीकत स्वेटोनियसने दिली आहे. दोघांचेही म्हणणे खरे असू शकेल, कारण प्रत्येक जण आपापल्या रक्षकाविषयी बोलत आहे. परंतु तिसऱ्याच कोणी, ज्याला असा रक्षक कधी लाभलाच नाही अशाने, दुसऱ्याच्या घरात डोकावून 'हा तुमचा म्हातारा आता निरुपयोगी झाला, याला हाकलून द्या' असे म्हणणे निराळे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात पुढे जे घडले ते असे.

पौलानंतर दोनतीन पिढ्यांतच ख्रिस्ती मंडळ्यांत जन्माने यहुदी असलेल्यांचे प्रमाण घटत गेले, आणि 'आमचा रक्षक' या शब्दांची जागा 'त्यांचा रक्षक' या शब्दांनी घेतली. मार्सियन नामक उपदेशकाने तर यहुद्यांचे शास्त्र व त्यातील देव दोन्ही टाकून द्यावी असे प्रतिपादन केले. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले, हे तिच्या शहाणपणास शोभले. पण ते शास्त्र ठेवून घेतले तरी ते ज्यांचे होते त्यांना मात्र आदर मिळाला नाही. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या मोठ्या देवळाच्या दाराशी तेराव्या शतकात दोन स्त्रीमूर्ती उभारल्या गेल्या. एक ख्रिस्ती मंडळीची, मस्तकी मुकुट व हाती क्रूस असलेली. दुसरी यहुदी धर्माची, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातातील भाला मोडलेला आणि नियमाच्या पाट्या बोटांतून निसटत चाललेल्या. शिल्प म्हणून दुसरी मूर्ती इतकी सुंदर आहे की पाहणाऱ्याला तिचाच कळवळा यावा. त्याच शहरात १३४९ साली फेब्रुवारी महिन्यात शेकडो यहुदी जाळून मारण्यात आले. त्या मूर्तीने ती आग लावली असे आमचे म्हणणे नाही. त्या वेळी पसरलेल्या प्लेगाची भीती व लोकांचा हावरेपणा ही जवळची कारणे होती. परंतु शेजाऱ्याचा जिवंत धर्म हा आपल्या धर्माची संपलेली पूर्वतयारी आहे असे ज्याने एकदा मनाशी घेतले, त्याला तो शेजारी अजून जिवंत का आहे हेच कळेनासे होते. कृपेचा एवढा महिमा गाणाऱ्या लूथरनेदेखील १५४३ साली यहुद्यांची देवळे जाळावी असा सल्ला देणारा ग्रंथ लिहिला, याहून दुःखद पुरावा कोणता हवा?

पौलाला या संकटाची चाहूल लागली होती असे दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांना रानटी जैतुनाच्या फांदीची उपमा देऊन बजावले आहे की, तुमचे कलम दुसऱ्याच्या झाडावर बांधलेले आहे. मूळ तुम्हांस धारण करते, तुम्ही मुळास नव्हे. तेव्हा मूळच्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका. हा इशारा सुमारे १९०० वर्षे वाचला जात होता, पण मनावर घेतला गेला नाही. १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने यहुद्यांविषयी जे निवेदन काढले त्यात या जैतुनाच्या दृष्टांताची आठवण पुन्हा झाली. परंतु तत्पूर्वी युरोपातील साठ लाख यहुदी मारले गेले होते.

हा सर्व विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु त्याचा एक अध्याय मराठीतही लिहिला गेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले व घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते, भाषा विसरली होती. उरले होते ते शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, काही सण आणि 'शमा' या प्रार्थनेचे शब्द. म्हणजे शास्त्र गेले होते व नियम तेवढा राहिला होता. आणि त्या नियमाने त्यांना आसपासच्या समाजात विरघळू दिले नाही. बालरक्षकाचे काम याहून अधिक निष्ठेने कोणी केले असेल असे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून रचले, 'जुना करार' मराठीत वाचावयास मिळाला. हेतू असा की, नियम व संदेष्टे नीट कळले म्हणजे ही मंडळी आपोआप ख्रिस्ताकडे वळतील. परिणाम उलट झाला. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी कोचीनच्या यहुदी शिक्षकांच्या साह्याबरोबर या नव्या विद्येचाही उपयोग करून आपला धर्म अधिक जाणतेपणाने पाळावयास आरंभ केला. मिशनरी आपणांस गुरू समजत होते. वस्तुतः त्यांनीच बालरक्षकाचे काम केले, आणि मुलांना त्यांच्या स्वतःच्या सभास्थानाच्या दारापर्यंत सुखरूप आणून पोचविले!

यावरून कोणी असे समजू नये की, पूर्वतयारीची ही कल्पनाच पोकळ आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले आमचे कवी नारायण वामन टिळक यांनी तुकोबांच्या अभंगवाणीच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असा भाव प्रकट केला, तेव्हा त्यांच्या म्हणण्याविरुद्ध कोणाला काय बोलता येणार? वाट त्यांची, प्रवास त्यांचा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, यहुद्यांना जसा नियम तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान हे ख्रिस्ताकडे नेणारे रक्षक होते, असे लिहिले. तोही ग्रीक विद्येत वाढलेला असून आपल्याच बाळपणाची साक्ष देत होता. परंतु १९१३ साली जे. एन. फर्कुहर यांनी आपल्या ग्रंथात ख्रिस्त हा हिंदुधर्माचा मुकुट आहे, असे प्रतिपादन केले तेव्हा प्रकार बदलला. फर्कुहर हे मोठे अभ्यासू व सहृदय गृहस्थ होते. पूर्वीच्या मिशनऱ्यांप्रमाणे त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. तथापि दुसऱ्याच्या घरातील वडीलधाऱ्याला 'तुम्ही आमच्या शाळेपर्यंत मुले आणून सोडणारे भले गृहस्थ' असे कितीही गोड शब्दांत म्हटले तरी ते घर दुखावणारच. टिळकांचे वाक्य ही साक्ष होती. फर्कुहरांचे वाक्य हा निवाडा होता. साक्ष ज्याची तो देतो. निवाडा देणाऱ्याने आधी आपल्याला तो अधिकार कोठून मिळाला हे सांगितले पाहिजे.

आता एक प्रश्न राहिला. रक्षकाची मुदत संपल्यावर काय? लूथरच्या हयातीतच योहान आग्रिकोला नावाच्या त्याच्या शिष्याने असा पक्ष घेतला की, ख्रिस्ती मनुष्याला नियमाचा उपदेश करण्याचे कारणच उरले नाही. आणि १५३७ पासून लूथरला आपल्याच शिष्याशी वाद घालण्याची पाळी आली. पुढे कॅल्व्हिनने नियमाचा एक तिसरा उपयोग सांगितला: जो विश्वासात आला त्याला नियम हा धाक म्हणून नको असला तरी वाट दाखविणारा म्हणून हवा. पौलाने स्वतः याचे उत्तर त्याच पत्राच्या उत्तरार्धात दिले आहे. तुम्हांला मोकळे केले ते देहाच्या लाडासाठी नसून एकमेकांची प्रीतीने सेवा करण्यासाठी, असा त्याचा आशय आहे. वयात आलेल्या मुलामागून काठी घेतलेला मनुष्य चालत नाही. तथापि तो त्याच रस्त्याने, त्याच सभ्यतेने, आणि आता आपल्या मनाने चालतो, ही त्याच्या वयात येण्याची खूण. वाट सोडून भटकू लागला तर तो वयात आला नव्हता, केवळ रक्षकाचा डोळा चुकवून पळाला होता, असे म्हणावे लागेल.

हा भेद ख्रिस्ती लोकांपुरताच नाही. खरे बोलावे, हा नियम आपण मुलांना लावतो, आणि ज्याला खोटे बोलण्याची इच्छाच होत नाही त्याला त्या नियमाची गरज उरत नाही. परंतु 'मला त्या नियमाची गरज नाही' हे वाक्य सत्यवादी मनुष्यही उच्चारतो आणि लबाडही उच्चारतो. दोघांच्या शब्दांत फरक नाही. फरक त्यांच्या शेजाऱ्यांना कळतो. गेल्या तीनचार पिढ्यांत सुशिक्षित घरांतून आजोबापणजोबांच्या आचारांना एकामागून एक निरोप मिळाला. त्यांतील काही आचार क्रूर होते, इतरांस दूर ठेवणारे होते, व ते गेले हे उत्तमच झाले. पण काही आचार केवळ म्हातारे होते. त्यांना निरोप देताना आपण कोणत्या गुरूच्या दारी येऊन पोचलो होतो, की नुसतेच काठीला कंटाळलो होतो, हे ज्याचे त्याने आपल्याशी पाहावे.

करिंथकरांस लिहिताना पौलाने हा शब्द आणखी एकदा वापरला आहे: तुम्हांला बालरक्षक दहा हजार असले तरी बाप पुष्कळ नाहीत, असा त्याचा भाव. रक्षक कितीही असोत, ते बापाच्या ठिकाणी नाहीत. परंतु त्यांना नेमणारा बापच होता, ही गोष्ट विसरता उपयोगी नाही. नियमाचे प्रयोजन नियमाच्या पलीकडे आहे, असे ज्याला स्वतःच्या आयुष्यात अनुभवास आले असेल त्याने तसे खुशाल म्हणावे, आणि म्हणताना ऑगस्टसाप्रमाणे त्या वृद्ध सेवकाला खांदा द्यावा. दुसऱ्याच्या घरचा रक्षक अजून हातात काठी घेऊन मुलाबरोबर चालत असेल, तर त्याला वाट द्यावी. तो मुलाला कोठे नेत आहे हे त्याला व त्या घरच्या धन्याला ठाऊक आहे.